मागचं दार

कागद विजेच्या खांबाला चिकटवलेला,
खालची कड कातरून झालर केलेली,
झालरीच्या प्रत्येक पट्टीवर तोच फोन नंबर.
तीन पट्ट्या कुणी आधीच नेल्या होत्या.
चौथी मी फाडली, हातमोज्यात कोंबली
आणि अकरा दिवस तो हातमोजा उलटा केला नाही.

फोनवर बाई एवढंच म्हणाली,
बालवाडी क्रमांक एकाहत्तर, गुरुवारी, सातला.
नाव विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी फोन ठेवला असता.

उलानबातरच्या उत्तरेला टेकडीवर चढत गेलेली वस्ती,
गोल तंबू, फळ्यांची कुंपणं, दर चुलीत कोळसा.
थंडीत धूर वर जात नाही, गल्लीतच बसून राहतो
घरी जायचं नाव न काढणाऱ्या माणसासारखा.
त्या माणसाला मी ओळखतो.

दोनदा गेलो आणि फाटकावरून परतलो.
एकदा कुत्रं भुंकलं, तेवढं निमित्त पुरलं.
तिसऱ्यांदा कोपऱ्यावर चिलगोजे विकणाऱ्या म्हातारीला म्हटलं,
एकाहत्तर नंबर कुठं? मुलीला आणायचंय.
(मुलगी तेवीस वर्षांची. दारखानला असते. माझा फोन उचलत नाही.)
म्हातारी मफलर सारखा करत म्हणाली,
मुलं पाचला जातात घरी.
सातची माणसं मागच्या दारानं जातात.

आत खुर्च्या पाच वर्षांच्या पोरांच्या.
थोराड माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली:
क्रेन चालवणारा लुव्सान, रात्रपाळीची नर्स दुलमा,
एक निवृत्त न्यायाधीश, ज्याचे बूट सगळ्यांत फाटके.
कोट टांगायच्या खुंट्यांवर चित्रं,
अक्षर न येणाऱ्यांसाठी.
उंट गेला होता, बदक गेलं होतं.
मी साळिंदरावर कोट टांगला.

वाटलं तर नाव सांगा, दुलमा म्हणाली.
नेरगुई, मी म्हणालो.
सगळे हसले.
नसेल सांगायचं तर राहू द्या, असं न्यायाधीश.

नाही हो, नावच ते. नेरगुई, म्हणजे बिननावाचा.
माझ्याआधीची तीन पोरं गेली.
मग आईनं ठरवलं, चौथ्याला असं नाव द्यायचं
की न्यायला आलेल्यानं दारात हाक मारावी
आणि काय म्हणून मारावी ते त्याला कळू नये.
युक्ती चालली. कुणालाच सापडलो नाही.
बाटलीला सापडलो.
तिनं कधी नाव विचारलंच नव्हतं.

हे बोलायचं ठरवून आलो नव्हतो.
पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही,
त्यात उलटलेला ट्रक होता,
बायकोची कानातली होती,
एक शाळेचं स्नेहसंमेलन होतं, ज्याला मी पोचलो,
आणि पोचलो नसतो तर बरं झालं असतं.

मग खारा दुधाचा चहा आला.
आमच्यात पहिला घोट आभाळाचा.
अनामिका बुडवायची, थेंब वर उडवायचा,
मग वाऱ्याला, मग जमिनीला.
वोडकाचे इतके थेंब उडवलेत मी,
आभाळ तरी शुद्धीवर राहिलं असेल का!
बोट सवयीनं चहात बुडालं, आणि तिथंच थांबलं.
बिननावाचं बोट.
अंगठ्यापासून मोजलं तर चौथं.

थेंब छतावरच्या कागदी ससाण्याला लागला.
कुणी काही बोललं नाही.
न्यायाधीशानंही बोट बुडवलं.

बाहेर आलो तर म्हातारी अजून होती.
सापडली मुलगी?
आज नाही, म्हटलं. पुढच्या गुरुवारी बघतो.
तिचं माप म्हणजे छोटा काचेचा पेला,
काठाला सोनेरी रेघ असलेला, तसलाच.
तिनं तो काठोकाठ भरला.
माझा हात पुढे झाला, थरथरला.
तिनं चिलगोजे माझ्या खिशात ओतले
आणि पेला
आपल्याकडे ठेवून घेतला.