डाग

शमशादभाभींनी तो ज्वारीच्या पोत्यातून काढला,
तुकडा तुकडा फळीवर मांडला:
दांडा, काचेचं भांडं, तबक, चिमटा,
नळीचं वेटोळं, मातीची चिलीम.
"ह्यांनी मिसरातनं आणलेला.
बघा की, काय येतंय त्याचं."

त्यांचे हे, दिलावर जमादार,
साखर कारखान्यातले फिटर,
चार गळीत हंगाम नाईलच्या काठी
दुसऱ्या कुणाचा ऊस पिळून आले होते.

मी तांबट. हुक्का कधी ओढलेला नाही.
पण पितळ ते पितळ.

दांडा आधी हातात तोलला, मग नखाने वाजवला.
ओतीव माल बद्द बोलतो, पत्रा पोरकट.
हा मधला, जेवून उठलेल्या माणसासारखा.
खालच्या तोंडाला तळवा लावून वरून हवा ओढली,
तळवा चिकटला. कुठे गळती नाही.
आटेही कुठे नाहीत, सगळे सांधे झाळलेले.
म्हणजे उद्यमनगरातल्यासारखं लेथवरचं नव्हे,
मांडीवर धरून केलेलं काम.
नक्षीची वेल एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला विरळ;
तिकडे दिवस मावळला असेल,
किंवा आतून कुणी जेवायला हाक मारली असेल.

भांडं हिरवट, फुंकून केलेलं,
बुडाशी तीन बुडबुडे अडकलेले.
"खोट हाय व्हय?"
नाही भाभी. ओढणाऱ्याच्या आधी
काचवाल्याने मारलेला दम आहे तो.
पण पाणी भरलं तर डावीकडे कलतंय.
त्याचे पन्नास कमी.
बुचाच्या जागी लुंगीची चिंधी. तिचे काही नाहीत.

चिलीम लाल मातीची, आतून काळी,
पाच भोकं, पाचवं तारेने वाढवलेलं.
हुंगली,
आणि जरा गप्पच बसलो.
काकवी.
तंबाखू निपाणीची नव्हे, तिची कुणी चुलत बहीण,
पण मुरवलेली उसाच्याच काकवीत.
गुऱ्हाळावर शेवटची काहील उतरते तेव्हाचा वास,
समुद्रापलीकडून आलेला, वीस वर्षं पोत्यात राहिलेला.
भाभी रस्त्याकडे तोंड करून
दूधकट्ट्यावरच्या म्हशी मोजत राहिल्या.

नळी बाद. आतली तार गंजली,
ओठांना लोखंड लागतं.
वरचं कातडं मात्र बरं वाटलं, म्हणून
चप्पल लायनीतल्या केरबा सातपुतेला बोलावलं.
त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला.
"बकऱ्याचं हाय. टाका उलटा पडलाय बघा.
डावखुरा हुता गडी."

चिमटा दुसऱ्याच कुठल्या संचातला.
तबक तर सरळ आपल्या बाजारातलं.
मूळचं कुठाय?
"नणंदेच्या लग्नात गेलं, आहेरात," भाभी म्हणाल्या,
"तवा ह्यांनी आठ दिस अबोला धरला हुता."

उरलं एक कडं.
दांड्याच्या गळ्याशी, उगाचच.
ना धरायला उपयोगी, ना नक्षीत बसणारं.
कानशीच्या टोकाने हळूच वर सरकवलं.
खाली डाग. चुकलेला, दुसऱ्यांदा दिलेला,
कथिल ओघळून थिजलेलं,
आणि वरून हे कडं,
गिऱ्हाइकाला दागिना वाटावा म्हणून.

मी मोठ्याने हसलो.
केरबा बघतच राहिला.
हे कडं मला माझ्या बापाने शिकवलंय.
घागरीच्या गळ्याशी, बंबाच्या तोटीपाशी
सत्तावीस वर्षं चढवत आलोय.
कैरोतल्या कुणा गल्लीत
कुणाच्या बापाने शिकवलं असेल?

"मोडीत सातशे," मी म्हणालो.
"अख्ख्या नगाची किंमत कुठेतरी असेल,
ती मला लावता येत नाही."
भाभींनी मान डोलावली, पोतं उघडून धरलं,
मग थांबल्या.
"आणि त्या कड्याखालचं? त्याचं किती कमी धरलं?"

मी कडं होतं तिथं सरकवलं,
चिंचेच्या पाण्याचा एक हात दिला.
"कड्याखालचं कुठलं?"