कलम एकशे एकवीस, पोटकलम तीन

मी ताराव्याच्या जमीन कचेरीतला कारकून.
माझ्या टेबलाचा एक पाय तोकडा.
त्याखाली समुद्राच्या कायद्याची जुनी प्रत
कित्येक वर्षं इमानाने उभी होती.
फिजीहून वकीलबाई आल्या, सेनिमिली नावाच्या,
त्यांनी टेबल उचलायला लावलं.
"हे एवढंच वाच," म्हणाल्या.

ज्या खडकावर माणसाचा निभाव लागत नाही,
ज्याला स्वतःचं पोट स्वतः भरता येत नाही,
त्याच्या वाट्याला बारा मैल पाणी.
बेट असेल तर दोनशे.

बिकेनुकावर तेव्हा तिघं राहत.
मग दोघं.
मग नेई तेरेतिया एकटी, चार कोंबड्या,
आणि बाबाईचा खड्डा, ज्यात खारं पाणी शिरल्यापासून
कंद धरत नव्हते, नुसते कुजत.
धाकट्याने ऑकलंडहून तिकीट धाडलं होतं.
ते तिने छपराच्या झावळीत खोचून ठेवलेलं,
जिथे ती सुया ठेवायची.

मी होडीने गेलो. सांगितलं,
"तू उठून गेलीस तर बेटाचा खडक होईल."
ती माशाचे खवले काढत होती.
सुरी न थांबवता म्हणाली,
"आणि हे माशांना कळवलंय?"

तिला हेगला नेलं, म्हणणं मांडायला.
कोट उसना, बूट एक नंबर मोठे.
आमच्या मानेआबात प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली,
बाप बसला तिथेच लेक,
आणि आपल्या जागेवरून बोललं तरच ते बोलणं.
इथे तिला एक खुर्ची दाखवली,
तिच्यावर आदल्या दिवशीच्या कुठल्याशा देशाची चिठ्ठी
अर्धवट सोललेली.
ती उभीच राहिली.

"मी घर सोडून आज अकरा दिवस झाले," म्हणाली.
"कोंबड्यांना शेजारच्या बेटावरचा पोरगा दाणे टाकतो,
अंधार पडायच्या आत परत जातो.
तर साहेब, ह्या घटकेला
ते बेट आहे, की खडक?"

मी भाषांतर केलं.
फ्रेंच तीन सेकंद उशिरा पोचलं,
त्यामुळे माना दोन खेपांत वर झाल्या.
एका न्यायमूर्तींनी पेनाला टोपण लावलं,
पुन्हा काढलं.
अध्यक्ष म्हणाले, प्रश्नाची नोंद घेतली जाईल.
नोंद घेतली गेली. मी पाहिली ती,
अक्षर सुंदर होतं.

परतीच्या टॅक्सीत ड्रायव्हर सांगत होता,
आत्ता आपण समुद्राच्या पातळीखालून चाललोय बरं का.
तिने खिडकीची काच पुसली.
गाई चरत होत्या, त्यांच्या डोक्याच्या वर बांध,
बांधापलीकडे आगबोट.
खूप वेळाने म्हणाली,
"ह्यांना भिंत मिळाली.
आपल्याला वाक्य."

न्यायालयाचं मत यायच्या आधीच ती गेली,
पश्चिमेचा वारा सुटतो त्या दिवसांत.
घराला लागूनच पुरली, आमच्या रीतीने,
भोवती पांढरे दगड मांडले.
पुढल्याच महिन्यात वार्षिक तक्ता माझ्या टेबलावर:
बेटाचं नाव. निवासी. संख्या.
आयुष्यात मी किती शून्यं काढली असतील,
पडलेल्या माडांची, बुजलेल्या विहिरींची,
हात कधी अडला नाही.
त्या दिवशी तक्ता कोराच ठेवला,
तांदूळ घेतले, कंदील घेतला,
साहेबांना सांगितलं, पाहणीला जातो.

ती पाहणी अजून चालू आहे.
पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चुलीपर्यंत येतं,
मी चूल उचलून पलीकडे मांडतो.
सकाळी पुन्हा इकडे.
धूर होईल एवढं सरपण मात्र जपून वापरतो,
धूर लांबून दिसावा लागतो.

तक्ता काल होडीवाल्याबरोबर पाठवला.
बिकेनुका. निवासी: एक.
कोंबड्या चार होत्या, आता सात आहेत.
त्यांना रकाना नाही.