बोटभर जागा

दगड लहान निघाला, हे आधी कबूल करतो.
लढाईच्या त्या शरदात गावात घोडे उरले नव्हते,
बांधावरचाच धोंडा ढकलत आणला.

मेर्येमा म्हणाली, वर चंद्रकोर हवी.
मग कलमा. मग पोलिश अक्षरांत सेलिमचं नाव, पलटण,
आणि 'मायदेशासाठी'.
मी वितीनं मोजलं. मावेना.

"काय गाळू?"
ती शालीच्या टोकाला गाठ मारत राहिली, सोडत राहिली.

बराकीत एका कॅप्टननं सेलिमला विचारलं होतं म्हणे,
उद्या तुर्क चालून आले तर बंदूक कुणाकडे?
तो म्हणाला, साहेब, घोड्यांना पाणी दाखवायची वेळ झाली.
(हे ती हसत सांगायची. पोरगा असताना.)

अडीचशे वर्षांमागं, व्हिएन्नाच्या वाटेवर,
यांच्या तातार पूर्वजांनी शिरस्त्राणात काडी खोचली होती,
आपल्याच माणसांनी मारू नये म्हणून.
सेलिमनं खोचली नव्हती.
जर्मन गोळीला काडीशी देणंघेणं नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, एकाच ओळीत घेऊ.
कलमा उजवीकडून येईल, पोलिश डावीकडून.
मी जन्मभर क्रूस घडवलेला माणूस;
इमामानं कोळशानं काढून दिलं,
तसंच्या तसं कोरलं.

दोन्हीकडून अक्षरं चालत आली. भेटली नाहीत.
मधे बोटभर दगड कोरा राहिला.
मजुरी घेतली. अर्धी.

परवा दफनभूमीत गेलो होतो.
त्या कोऱ्या जागेत कुणीतरी
गव्हाची काडी टेकवली होती.
आतापर्यंत वाऱ्यानं नेली असेल.