लाखोरी

अकरावी ब. पाठ जैवरेणूंचा.
ग्लायसिनपासून ट्रिप्टोफॅनपर्यंत
वीस नावं फळ्यावर लिहून
खडूचा हात तसाच झटकत म्हटलं,
विटा एवढ्याच.
केस, नखं, बैलाचं शिंग,
कोळ्याचं जाळं, दुधावरची साय धरून ठेवणारं जे काही,
ते सारं या विसांतून.

मागच्या बाकावरून खुशाली कापगते:
"म्हंजे एक खंडी, मॅडम."
मी अकोल्याकडची, कपाशीतली. मला कळेना.
मग अख्ख्या वर्गानं मला शिकवलं,
वीस कुडो धानाची एक खंडी.

पुढे जोडणी. एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं,
आणि दर सांध्याला
पाण्याचा एक रेणू गळून पडतो.
"मग जेवल्यावर, पोटात, हे सांधे सुटतात कसे?"
हिवराज नान्हे उठला, जो कधीच उठत नाही:
"तोच पानी वापस द्या लागते."

प्रात्यक्षिकाला घरून मूठभर डाळ आणा म्हटलं होतं.
कोणी तूर, कोणी उडीद.
खुशालीच्या ओढणीच्या गाठीत लाखोरी.
वाटून, गाळून, नळीत घेतली,
आधी कॉस्टिक सोडा, मग मोरचुदाचे दोन थेंब.
निळं हळूहळू जांभळं झालं.
"हे तं लाखोरीचा फूलच हाय," ती म्हणाली,
आणि नळी उजेडाकडे धरून, जरा थांबून,
"यात जहर दिसते का?"

नाही दिसत.
हा जांभळा फक्त हातात हात धरलेल्यांचा.
जहर एकटं असतं.
तेही अमायनो आम्लच, याच घराण्यातलं,
तसंच डोकं, तसंच शेपूट,
पण कुठल्याच साखळीत त्याला जागा नाही,
कुठल्याच खंडीत मोजलेलं नाही.
दुसऱ्याचा चेहरा लावून ते मज्जातंतूचं दार ठोठावत राहतं,
उघडलं तरी ठोठावतं.

तिचा आजा फागो
टाचा न टेकता चालतो, गुडघ्याला गुडघा घासत,
दोन वेळवाच्या काठ्यांवर.
त्याची माय लाखोरी उकळून पाणी फेकायची,
पुन्हा उकळायची, पुन्हा फेकायची.
एका साली धान जळालं, बोडी आटली.
चार महिने नुसती लाखोरी,
आणि फेकायला पाणीच नव्हतं.
उकळलेलं होतं, ते प्यायले.

हे पुस्तकात नाही.
पुस्तकात हेही नाही, की
भातात जे लायसिन कमी, ते लाखोरीत भरपूर,
लाखोरीत जे मेथिओनिन कमी, ते भातात,
आणि इथे कापणीच्या पंधरा दिवस आधी
उभ्या धानात, ओल्या चिखलात
लाखोरी फेकतात. उतेरा म्हणतात त्याला.
लायसिन हा शब्द कोणाला ठाऊक होता?

तिच्या वहीत मी वाचलं:
निरीक्षण, जांभळा रंग.
अनुमान, प्रथिन आहे. बाकीचं दिसत नाही.
पैकीच्या पैकी दिले.

शाळा सुटता सुटता नळ्या विसळल्या,
पाणी मागच्या नालीत सोडलं.
फाटकाशी आजा उभा होता नातीला न्यायला.
फिकट जांभळी धार पायाशी आली तशी
त्यानं एक काठी उचलली,
मग दुसरी,
आणि भिंतीला पाठ टेकवून
ते पाणी जाईपर्यंत थांबला.