बाकी बावीस

शांतवनमामाची गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळून
मी सांगलीहून मिरजेला नेली.
कंडक्टर म्हणाला, बाई, हिचं अर्धं तिकीट लागेल.
हसला नाही, म्हणून मी पैसे काढले;
मग हसला.

मामा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
माझ्या नावावर ठेवून गेला: सायकल, शास्त्र, आणि ही.
सायकल भंगारात गेली.
पुण्याहून रूबेन फोनवर म्हणाला, घाई करू नकोस,
जुनी अमेरिकन असली तर लाखात जाते,
आत नंबर असतो, तो बघ.
आत नंबर होता.
पाच आकडे, शेवटचा कसरीने खाल्लेला,
तीन म्हण, आठ म्हण.

मी हळदीच्या अडतीवर खातं लिहिते, एकोणीस वर्षं.
भाव कसा निघतो ते मला माहीत आहे.
कांडी मोडायची, पोटातला रंग बघायचा,
नाकाशी धरायची,
आणि मग रुमालाखाली दोन हात
एकमेकांची बोटं दाबतात.
डोळे भलतीकडे.

दस्तगीर सतारमेकरांनी तार छेडलीच नाही.
आधी भोकाला नाक लावलं.
"सरस. जनावराचा. फेविकॉल नाही, बरं झालं."
मग अंगठा मानेवरून खाली, पट्टी पट्टी मोजत.
"इथं तीन पट्ट्यांत खड्डे, पुढं सगळी कोरी.
तीन कॉर्डवर आयुष्य काढलं की हो तुमच्या मामांनी."
मला राग आला.
पण खरं होतं. लग्न असो, नाताळ असो,
कुठलंही गाणं मामा फिरवून फिरवून
त्याच तीन खुंट्यांना आणून बांधायचा.

"वय किती असेल?" मी विचारलं.
"कुणाचं? तोंड परदेशी, साठ-पासष्ट वर्षांचं.
कानपिळ्या कलकत्त्याच्या, त्याहून पोरी.
नंबराचा कागद कुणीतरी मागाहून चिकटवलाय,
त्याच्यावर जाऊ नका.
आणि ही पाठ," बोटाच्या पेरानं टकटक,
छतावरचे भोपळे ऐकत असल्यासारखे,
"ही तुणीची. सतारीचं लाकूड.
ही पाठ मिरजेची आहे."

दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा
त्यांनी आत सारला, मोबाइलची बत्ती धरली,
आणि गप्प झाले.
बाहेर एक रिक्षा वळली, पुन्हा वळली.
पेन्सिलीची ओळ होती, आरशात उलटी.
मी दिसेल तशी कागदावर उतरवली,
कागद पालथा करून उजेडाला धरला:

पाठ नवी. कंपाउंडर. ७१ साल. बाकी २२.

"अब्बांचं अक्षर," ते म्हणाले.
"चारचा आकडाही असाच दोनसारखा काढायचे,
पण हे दोनच आहेत. दोन्ही."

सवयीनं मी मनात व्याज मांडायला घेतलं.
मामा कुणाचं ठेवणारा नव्हता.
की होता? दर इस्टरला तो या गल्लीत
अंड्यांची टोपली घेऊन यायचा, मला ठाऊक आहे,
कुणाकडे, ते कधी विचारलं नाही.
अंडी जमेला धरायची की नाही?

"विकायची झाली तर बारा हजार," दस्तगीर म्हणाले.
"गणपतीच्या आधी पंधरा."

मी वीसची नोट आणि दोनचं नाणं काढून
रंध्याशेजारी ठेवलं.
त्यांनी नाही म्हटलं नाही.
नोट सरळ केली, गल्ल्यात टाकली,
कानावरची पेन्सिल काढली
आणि मनगटापर्यंत हात आत घातला.
लिहीत होते, न बघता. नजर समोरच्या चहावाल्यावर.
लाकडाच्या आतून खरखर ऐकू येत होती.
काय लिहिलं ते मी विचारलं नाही.
आरसा तिथंच पडला होता.

रात्री रूबेनचा फोन:
काय निघालं मग, तीन की आठ?

बावीस, मी म्हटलं.
आज फिटले.