अठरावी

बुधवारी जुन्या बाजारात
यासीनभाईंच्या गोणपाटावर ती उभी होती,
पोटात तीन पाने, एक पेचकस
आणि सायकलच्या पंपाची नळी घेऊन.
दीड वीत उंच. खांद्याशी हिरवी,
आणि खाली उतरता उतरता
मध्येच मन बदलल्यासारखी लाल.

मी आधी पान्यांचा भाव विचारला.
इतक्या वर्षांत एवढं शिकलोय,
हवं त्याच्याकडे थेट बघायचं नाही.
यासीनभाई म्हणाले, "पाने ऐंशीला.
आणि तुम्हाला जी हवीय, ती बाराशेला."
इतक्या वर्षांत तेही शिकलेत.

मग रीतसर
तळहातावर घेऊन नखानं टिचकी,
पलीकडे कुंभारवेशीत माठ घेताना आई मारायची तशीच.
आवाज सर्दी झाल्यासारखा, पण बरा.
उलटी केली. बुडाशी मातीत दाबलेली अक्षरं,
अर्धी झिलईनं गिळलेली,
इंग्लंडातल्या कुठल्याशा गावाची,
जिथं मी काही जाणार नाही.
अंगभर बारीक तडे, साय सुरकुतते तसे,
त्यांत कुणाकुणाच्या घरांचा धूर मुरलेला.

शेवटची परीक्षा दातांची.
काठ पुढच्या दातांवर हलकेच घासायचा.
खरी झिलई काचेसारखी लागते, थंड, कुरकुरीत.
वरून रंगवलेली असेल तर मेणासारखी, मुकी.
जुन्या चपला विकणारी बाई बघत राहिली
फुलदाणी खाणाऱ्या म्हाताऱ्याकडे.

काच. काच. काच.
आणि मग
दोन बोटं रुंद शांतता.

अडतीस वर्षं मी रास्ता पेठेत
दुसऱ्यांचे दात केले.
डॉक्टर माप पाठवायचे, सोबत चिठ्ठी:
शेड ए-टू, काठाशी किंचित निळसर.
चिनी मातीची भुकटी, कुंचल्यानं थरावर थर,
वाटीएवढी भट्टी, साडेनऊशे अंश.
नऱ्ह्याच्या एका नवरीचा पुढचा दात
साखरपुड्याच्या रात्री दोन वाजता बाहेर काढला,
तो लग्नाच्या एकाही फोटोत कुणाला सापडला नाही.
मजुरी हीच, शाबासकी हीच.
भट्टी स्वतःचं काही बोलली
की तो दात डब्यात.

आणि घरी कपाटावर,
इंदुमतीच्या भाषेत, "सतरा बिनफुलांच्या".
एकीवर तांबं हवेला मुकलं आणि रागानं लाल झालं.
एकीचा ओघळ बुडापर्यंत पोचायच्या आत गोठला,
तो कुणी पुसला नाही, उलट मिरवत विकला.
त्यांच्यासमोर बसून मी सकाळचा पेपर वाचतो.
सतरांत एक ए-टू नाही.

दुरुस्त केलेली घ्यायची नाही, हा नियम माझाच.
परत ठेवणारच होतो.
पण उन्हात भिंग धरलं,
तर त्या दोन बोटांत
हिरव्यातून लाल उतरवताना
कुणीतरी रोखून धरलेला श्वास दिसला.
ओघळसुद्धा काढला होता त्यानं, खोटा,
बरोबर तिथं, जिथं खरा आला असता.
लष्करातल्या कुठल्या बंगल्यात फुटली असेल,
मडमेला कळायच्या आत
कुणी पदराआड कुणाकडे नेली असेल,
कोण जाणे.
बुडाशी गावाचं नाव आहे.
त्याचं कुठंच नाही.

"काठ जोडलेलाय, यासीनभाई."
"मला तर दिसत नाही. दोनशे कमी करू?"
"नको," मी म्हणालो. "पाने तेवढे काढून घ्या."

घरी इंदुमतीनं ती खिडकीशी नेली,
चष्मा लावला,
एकदा फिरवली, पुन्हा एकदा फिरवली.
"बरी आहे," म्हणाली.
"निदान ही तरी कुठं फुटलेली नाही."

माझ्या वरच्या रांगेतला डावीकडचा, मीच केलेला,
जिभेला आज पटकन सापडेना.
मी चहाचं आधण ठेवलं.