वाळा ओला आहे का

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसरा मजला,
मे महिन्यातले दुपारचे अडीच.
एसी कालपासून बंद, म्हणून खालच्या चहावाल्याचा
मागून आणलेला कूलर दारात घरघरतो आहे
आणि सुगत रामटेके पाठीवर बॅग अडकवून म्हणतो,
"ताई, दोनशे चौदा टेस्ट, सगळ्या हिरव्या.
निघू का?"

बस, मी म्हणते.
रक्ताचा रिपोर्ट तयार झाला की
पेशंटला निरोप जातो ना, ती टेस्ट उघड.

त्या टेस्टमध्ये खरा निरोप कुणालाच जात नाही.
निरोप्याच्या जागी आम्ही तोतया उभा केलाय.
तेच नाव, तोच पोशाख,
हाक मारली की ओ देतो, करत काही नाही,
फक्त मनात टिपून ठेवतो
कुणी बोलावलं, किती वेळा, हातात काय देऊन.
शेवटी त्याला पिंजऱ्यात उभं करून विचारायचं:
तुला बोलावलं होतं?
एकदाच?
इंदोऱ्याच्या शकुंतला डोंगरे यांच्याच नावानं?

"मग तेच तर केलं," सुगत म्हणतो.
"हिरवं होऊन राहिलं ना, आता काहून बघता?"

उत्तर न देता मी खऱ्या कोडमधली
निरोप पाठवायची ओळच पुसून टाकते.
आता शकुंतलाबाईंना कुणी काही कळवणार नाही,
साखर वाढली का, हिमोग्लोबिन उतरलं का, काहीच.

टेस्ट चालवते.
दोनशे चौदा. हिरव्या.

सुगत बॅग खाली ठेवतो.

प्रश्न लिहिलेले होते, त्याचं चुकलं नव्हतं तिथे.
पण ते नंतर विचारायचे होते, आणि नंतरसाठी
टेस्ट थांबलीच नव्हती.
तिनं वचन घेतलं,
वचनालाच साक्ष समजून फाइल बांधली
आणि घरी गेली.
तोतया पिंजऱ्यात येऊन उभा राहिला तेव्हा
कोर्ट उठलेलं, पंखे बंद,
शिपाई खुर्च्या उलट्या करत होता.

(बेसाहून माझे बाबा फोनवर असंच करतात.
"गोळी घे-" एवढ्यावरच त्यांचं "हो हो".
हल्ली मी फोन ठेवत नाही,
पेल्याचा आवाज येईपर्यंत.)

एक शब्द टाकला. अवेट.
थांब, एवढंच त्याला सांगायचं असतं.
आणि पडदा लाल झाला:
अपेक्षित हाका एक, आलेल्या शून्य.
इतकं सुंदर शून्य मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.
मग पुसलेली ओळ परत आणली.
हिरवं. पूर्वीपेक्षा चाळीस मिलिसेकंद उशिरानं,
पण आता त्या हिरव्याला
लाल कसं व्हायचं ते माहीत आहे.

"गरम काहून होऊन राहिलं एवढं?" सुगत कॉलर ओढत विचारतो.
दोघंही कूलरकडे बघतो.
पातं फिरतंय, आवाज भरपूर,
दारावरचं कॅलेंडरही फडफडतंय.
सुगत मागे जाऊन ताटीला बोट लावतो.
वाळा कोरडा ठाक.
सकाळपासून आम्ही नुसत्या घरघरीला गारवा म्हणत होतो.

तो बाह्या सारतो, टाकीत कोपरापर्यंत हात घालतो,
पंप उपसून बाहेर काढतो.
जाळीत वाळ्याचीच एक काडी अडकलेली.
काडी निघते, पाणी चढतं,
आणि पाचेक मिनिटांनी तो ओला, मातकट वास
माझ्या कीबोर्डापर्यंत पोचतो.
सुगत पुन्हा एकदा बोट लावून बघतो. मी हसते.
तो हसत नाही.

बॅग तिथेच जमिनीवर आहे.
उरलेल्या दोनशे तेरांमधली
एकही ओळ आम्ही अजून पुसून पाहिलेली नाही.